कानामागचा रंग

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. साफ खोटं आहे. मला जग होतं तसंच दिसतं. भिंती पांढऱ्या, बायको सावळी, डॉक्टर गोरा. पिवळा फक्त मी दिसतो. आणि हे मी रंगभूषाकाराच्या नजरेने सांगतोय. उभी हयात नाटकवाल्यांची तोंडं रंगवण्यात गेली माझी. मेलेल्या राजाचे निळसर ओठ, क्षयाच्या रोग्याची गालफडं, प्यायलेल्या बापाचं लाल नाक, सगळं याच हातांनी काढलं. एका नाटकात कावीळसुद्धा काढली होती. तेव्हा एका परीक्षकाने लिहिलं होतं, रोग्याचा रंग फार भडक झाला आहे, माणूस इतका पिवळा होत नाही. त्या परीक्षकाला आता एकदा भेटायची फार इच्छा आहे.

माझं लिव्हर गेलंय. दारूने नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक विचारत नाहीत, मनातल्या मनात ठरवून मोकळे होतात. पोटाचे डॉक्टर म्हणाले, औषधांनी आता नुसती मुदत वाढेल. घरातल्या कुणी लिव्हरचा तुकडा दिला तर मात्र माणूस उठून कामाला लागतो, आणि देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. हिला मधुमेह, म्हणून ही बाद. उरला एकुलता एक मुलगा. त्याचा रक्तगट जुळत होता. असली ऑपरेशनं करणारं मोठं रुग्णालयही त्याच्याच शहरात, त्याच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. त्याने फक्त तिथे जाऊन तपासण्या करून घ्यायच्या होत्या.

चिरंजीव विमा कंपनीत आहेत. कुणाला काय होण्याचा संभव किती, याची गणितं मांडतात. पहिल्या फोनला म्हणाले, "बाबा, हा काय विचारायचा प्रश्न आहे? करतो की." पुढच्या फोनला म्हणाले, "सध्या जरा गडबड आहे." मग 'बघू' सुरू झालं. या 'बघू'वर आपल्याकडे कित्येक माणसं म्हातारी होऊन गेली. मधल्या काळात सल्ले मात्र वेळेवर येत होते. अमक्याचा रस घ्या, तमक्याचा काढा घ्या, सकाळी चालत जा. उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. व्हिडिओ कॉल केला की म्हणायचा, "आई उगाच घाबरते. तुम्ही तर चांगले दिसताय."

फोनवर मी चांगला दिसणारच. फोन स्वतःच्या मनाने रंग सुधारून घेतो. पन्नाशीच्या नटीला तो विशीची करतो, तिथे माझी काय कथा?

"मी जातो आणि त्याच्यासमोर उभा राहतो," मी हिला म्हणालो. "त्याने तोंड बघितलं की काम झालं. त्याला रंग वाचता येतो."

ते खरंच होतं. शाळा सुटली की तो थेट माझ्याकडे यायचा आणि नटांच्या खोलीत माझ्या पेटीपाशी बसून डब्यांची झाकणं लावायचा. कुठला रंग कुणाला, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. नवशिक्या माणूस कानामागे रंग लावायला विसरतो आणि लावला तर पुसायला विसरतो, हे तो मोठ्या माणसांना सुनवायचा. एका डब्याला मात्र मी त्याला हात लावू द्यायचो नाही. त्याला आम्ही नायकाचा गुलाबी म्हणायचो. तो मी स्वतः घोटून तयार केलेला, बाजारात मिळणारा नव्हे. मी त्याला सांगायचो, "हा आजाऱ्याला कधी लावायचा नाही. लावला तर मेलेला माणूससुद्धा आता जेवायला उठेल असं वाटतं." त्यावर तो खूप हसायचा. खोटं रक्त साखरेच्या पाकाचं असायचं, ते बोटाने चाटायचा. खऱ्या रक्ताची मात्र त्याला भयंकर भीती. गुडघा फुटला की जखम बघायच्या आधीच याचे डोळे पांढरे.

एकदा माझ्या साडूच्या घरच्या लग्नाला जायचं मी टाळत होतो. साडू म्हणजे लोकांच्या ताटात डोकावून बोलणारा माणूस. तर मी स्वतःच्या अंगावर गोवर काढला, अगदी टिपका टिपका. साडू खात्री करायला स्वतः घरी आला. चिरंजीवांनी माझ्या कपाळावर ओली घडी धरून असा काही चेहरा केला, की साडू दारातूनच परत फिरला. तो किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला, की शेवटी साडूसुद्धा हसायला लागला. मी हे आत्ता का सांगतोय ते पुढे कळेल.

तर मी निघालो. जमिनीवरून जायचं म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. पाय सुजलेले, पोटात पाणी भरलेलं, तेवढं बसवणार नव्हतं. विमानच हवं होतं. विमानतळावर खिडकीपलीकडच्या मुलीने माझं ओळखपत्र बघितलं, मग मला बघितलं, मग पुन्हा ओळखपत्र बघितलं.

"काका, तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरं असतं तर घरी नसतो का बसलो?" मी म्हणालो.

तिने साहेबांना बोलावलं. साहेब निळ्या कोटातले, अतिशय नम्र. म्हणाले, प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र लागेल. मी म्हणालो, "अहो, ही कावीळ उडून कुणाला लागत नाही. माझी माझ्यापाशीच राहील." ते म्हणाले, "तुमचंच वर काही झालं तर विमान मध्येच उतरवावं लागतं, काका." त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेली नम्र माणसं मला अजिबात सहन होत नाहीत.

मी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मध्यंतरी तुम्हाला रक्ताची उलटी झालीय. मी सही केली आणि वर पुन्हा झाली, तर?"

"मग सही कधी करणार?"

"मुलाच्या तपासण्या होऊ देत. त्या रुग्णालयाने ऑपरेशनची तारीख दिली, की सोबत नर्स देऊन मी स्वतः पाठवतो तुम्हाला."

म्हणजे मुलाने तपासण्या केल्या तर सही मिळणार, सही मिळाली तर विमान मिळणार, विमान मिळालं तर मुलगा मला बघणार आणि मला बघितलं तर तपासण्या करणार. साप आपलंच शेपूट धरून बसला होता आणि सगळे मला म्हणत होते, काका, धीर धरा. माझ्याकडे धीर भरपूर होता. लिव्हर नव्हतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशी म्हण आहे. तब्येतीचं मात्र आणता येतं. मी पुन्हा तिकीट काढलं.

सकाळी खिडकीपाशी खुर्ची ओढून पेटी उघडली. पिवळ्यावर सरळ अंगाचा रंग लावला तर माणूस मातीचा दिसतो. आधी जांभळट हात द्यावा लागतो, म्हणजे पिवळं मरतं. मग अंगाचा रंग, मान, कान, हात थेट कोपरापर्यंत. डोळ्यांचं पिवळेपण रंगाने जात नाही, म्हणून निळसर काचांचा चष्मा. सगळ्यात शेवटी त्या जुन्या डब्यातला नायकाचा गुलाबी, गालांच्या हाडावर अगदी जरासा, बोटाला उरला तो कानांमागे. झालं. आरशात माझा धाकटा भाऊ बसला होता. मला धाकटा भाऊ नाही, पण असता तर असा असता.

ही दारात उभी राहून बघत होती. तिला बरोबर न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण माझा आजार माझ्यापेक्षा तिच्या चेहऱ्यावर जास्त दिसतो. ती जवळ आली, हात लावणार होती, पण रंग मोडेल म्हणून थांबली.

"असेच राहा ना," ती म्हणाली.

मी पेटी बंद करून उचलली. बोललो असतो तर रंग ओला झाला असता.

विमानतळावर खिडकीपलीकडे तीच मुलगी होती. तिने मला ओळखलं नाही. उलट हसून म्हणाली, "काका, तुमची तब्येत छान दिसतेय. संकटकाळच्या दाराजवळची जागा देऊ का? पाय पसरायला मिळतील. फक्त वेळ आली तर दार उघडायला मदत करावी लागेल. कराल ना?"

"का नाही करणार?" मी म्हणालो. घरी मला पाण्याची कळशी उचलवत नव्हती. एवढी सगळी माणसं त्या दिवशी माझ्या भरवशावर उडाली आणि कुणाला पत्ता नव्हता.

बसल्या बसल्या मी चिरंजीवांना फोन केला आणि येतोय म्हणून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर 'बघू' म्हणाला असता. आता विमान बघायला थांबणार नव्हतं.

कमरेचा पट्टा पोटावरून जेमतेम पोचला. जादा पट्टा मागितला असता तर त्यांनी मला दारापासून उठवलं असतं आणि चार प्रश्न विचारले असते, म्हणून मी श्वास आत घेऊन तो लावला. विमान वर गेलं तसं पोटातलं पाणी छातीला भिडलं. श्वास वरच्या वर चालायला लागला. पण त्याचं काही नाही. खरा छळ खाजेचा. लिव्हरच्या माणसाला आतून खाज सुटते, कातडीच्या खालून, आणि मला गालाला बोट लावायची सोय नव्हती. हाताला खाजवलं तर हात पिवळा. मी मुठी मांडीखाली घालून बसलो, शाळेत मास्तरांसमोर बसायचो तसा.

शेजारी एक निवृत्त गणिताचे मास्तरच बसले होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तुम्ही प्रकृती राखलीय हं. चेहऱ्यावर तेज आहे. रहस्य काय?"

"नियमित काम," मी म्हणालो.

"आणि आहार?"

"मोजका." ते खरं होतं, मला काही पचतच नव्हतं. त्यांनी मान डोलवली आणि आपल्या पायाचं, पाठीचं, डोळ्यांचं दुखणं मला सविस्तर सांगितलं. मी धडधाकट माणसाला शोभेल अशा सहानुभूतीने ऐकलं.

हवाई सुंदरीने हात पुसायला ओल्या कागदाची एकेक पुडी वाटली. सगळ्यांनी तोंडं पुसली, मास्तरांनी तर कानही पुसले. मी पुडी खिशात टाकली. थोड्या वेळाने डोळ्यांसमोर काळं यायला लागलं. तोंडात लोखंडासारखी चव आली. ती चव मला माहीत होती, मागच्या उलटीच्या आधी आली होती. डोक्यावर घंटीचं बटण होतं. दाबलं असतं तर धावपळ झाली असती, कुणी डॉक्टर आहे का म्हणून पुकारा झाला असता, विमान भलत्याच गावी उतरलं असतं आणि मी कायमचा मुलाच्या अलीकडे राहिलो असतो. मी बटणाकडे बघत बसलो आणि थुंकी गिळत राहिलो. मला मरणाची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त भीती तिथे न पोचण्याची वाटत होती. चव हळूहळू गेली. मास्तर म्हणाले, "झोप लागली वाटतं. निरोगी माणसाला पटकन झोप लागते."

उतरलो की आधी तोंड धुवायचं आणि मगच त्याच्यासमोर जायचं, असं ठरलेलं होतं. पण स्वच्छतागृहाबाहेर साफसफाईची पाटी लावलेली. दुसरं शोधायला पायात जोर नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, दिसलात. काचेपलीकडे मीच आहे, इकडे बघा."

काचेपलीकडे तो हात हलवत होता. आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. एखाद्याच्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी अलगद उचलून घ्यावं, तसा तो मोकळा झाला होता. खोटं कशाला बोलू, त्याला तसं बघून क्षणभर मलाही बरं वाटलं. बरेच महिने माझ्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं.

गाडीत तो अखंड बोलत होता. "बाबा, तुम्ही तर एकदम ठणठणीत आहात! आईने मला घाबरवूनच सोडलं होतं. आणि पोटही सुटलंय तुमचं, म्हणजे खाणंपिणं झकास चाललंय. मी म्हणतच होतो, हे डॉक्टर लोक वाढवून सांगतात."

"घरी गेल्यावर मी तोंड धुतो," मी म्हणालो. "मग बोलू."

"हो हो, आरामात." तो शीळ वाजवत होता.

घरी सूनबाईने पाणी दिलं. तिच्या चेहऱ्यावरही तोच मोकळेपणा. म्हणाली, "तुम्हाला बघून इतकं बरं वाटलं ना, बाबा." मुलगी वाईट नाही. नवऱ्याचं पोट फाडू नये असं कुठल्या बायकोला वाटणार नाही?

मी पेटी घेऊन न्हाणीघरात गेलो. क्रीम लावलं, कापसाने रंग उतरवला, साबणाने तोंड, मान आणि हात घासले. पांढऱ्या बेसिनमध्ये रंगाचे ओघळ पडले. मग मी उभ्या उभ्या पोटभर खाजवलं. आरशात बघितलं तर मी परत आलो होतो, विमानाआधी होतो त्याहून पिवळा. चष्मा काढून ठेवला आणि बाहेर आलो.

सूनबाईने तोंडावर हात ठेवला. चिरंजीव उठून उभे राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्यामागच्या उघड्या दारातून आत बघितलं. तिथे पेटी उघडी होती, डब्यांची झाकणं निघालेली, बेसिनला रंग लागलेला. मग तो हसला. गोवराच्या वेळी साडू गेल्यावर हसला होता, अगदी तसाच.

"बाबा, धन्य आहे तुमची."

"हा रंग नाही," मी म्हणालो.

"मग आत्ता गाडीत काय होतं?"

"तो रंग होता."

"म्हणजे तुम्ही बरं दिसायला रंग लावलात?" त्याचं हसणं गेलं. "असं कोण करतं?"

मी सांगायला लागलो. खिडकीपलीकडची मुलगी, निळ्या कोटातले साहेब, डॉक्टरांची सही. सांगता सांगता मलाच ते एखाद्या पडेल नाटकाचं कथानक वाटायला लागलं. हयातभर खोटं खरं करून दाखवलं आणि आता खरं बोलताना जीभ अडखळत होती.

"डोळे बघ माझे," मी म्हणालो.

"डोळ्यांत पिवळ्या काचा घालता येतात. त्या नाटकातल्या भुताला तुम्हीच घालायचात, मी स्वतः डबी धरायचो." तो आता चिडला होता. "बाबा, मागायचं असेल तर सरळ मागा ना. तोंड रंगवून दारात कशाला येता? मी काय साडूकाका आहे, पळून जायला?"

मला इतका संताप आला की उभं राहवेना. मी खाली बसलो. ते बसणंसुद्धा त्याला अभिनय वाटलं असणार.

"तुला येतं की पुसायला," मी म्हणालो. "पूस."

माझ्या खिशातून विमानातली पुडी डोकावत होती. त्याने ती घेतली, फाडली, ओला कागद उलगडला आणि माझा गाल पुसला. कागद पांढराच राहिला. त्याने दुसरा गाल पुसला, जोर लावून पुसला. मग कपाळ, मग मान. लहानपणी नटांची तोंडं पुसायला मी त्याला शिकवलं होतं तसा, वरून खाली. कागद पांढरा. सूनबाई म्हणाली, "अहो, पुरे." त्याने ऐकलं नाही. त्याला रंग हवा होता. काहीही करून त्याला रंग सापडायला हवा होता, आणि खरं सांगू, त्या वेळी मलाही वाटलं की याला जरासा तरी सापडावा.

मग त्याने माझा कान पुढे दुमडला आणि कानामागे पुसलं. तिथे मी विसरलो होतो. एवढी वर्षं शिकवून स्वतःच विसरलो होतो.

कागदावर रंग आला.

"हे बघा," तो म्हणाला आणि कागद उजेडात धरला.

कागदावर पिवळं नव्हतं. निरोगी माणसाच्या अंगाचा रंग होता आणि त्यात जरासा नायकाचा गुलाबी मिसळलेला. तो डबा दुसऱ्या कुणाकडे नाही, हे त्याला माहीत होतं. तो कुणाला लावायचा आणि कुणाला नाही, हेही माहीत होतं. त्याने पुन्हा माझा कान दुमडला आणि पुसलेली जागा बघितली. रंग निघाला होता तिथे पिवळं होतं.

तो किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलं नाही. त्याला कळलं होतं. रंग वाचता येतो त्याला, मी हिला सांगितलंच होतं. त्याच्या कपाळावर घाम आला, गुडघा फुटल्यावर यायचा तसा. मला वाटलं, आता हा खाली बसेल, माझा हात धरेल आणि म्हणेल, उद्या सकाळी जाऊ तपासण्यांना.

त्याने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि ती खिशात ठेवली. सूनबाईला म्हणाला, "पान वाढ बाबांना, दमलेत ते." मग खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघत, माझ्याकडे पाठ करून, अगदी प्रेमाने विचारलं, "बाबा, परतीचं तिकीट कधीचं आहे?"

तो मला खोटारडा म्हणत होता, तेच बरं होतं.

"काढलेलं नाही," मी म्हणालो.